एकशे तेराव्या पानापासून

विष पाजलेली बाई मेली नाही, म्हणून नसीमा मुल्लाने टायपिंग थांबवलं होतं.

इस्लामपूरच्या स्टँडमागे तिचं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फलक, पतसंस्थेचे अहवाल आणि त्या वर्षी माझ्या दहा रहस्यकादंबऱ्या, एवढा संसार त्या एका खोलीत चालायचा. मी आत शिरलो तशी तिने खुर्ची फिरवली आणि ‘काळा घाट’ची पिवळी पडलेली प्रत माझ्यापुढे धरली. पान एकशे अकरावर डॉक्टर नर्सला विष पाजतो. एकशे बारावर ती ‘हृदय चिरणारी किंकाळी फोडून’ कोसळते. आणि एकशे तेरावर तीच नर्स शांतपणे उठून वॉर्डाच्या खिडक्या लावत असते.

“वाचकाला चकवलंय,” मी म्हणालो. “तिने पेला बदललेला असतो.”

हे मी अंदाजाने बोललो. बरोबर निघालं.

“ते कळलं हो सर. मी तर वाचताना रडले. पण एक विचारू का? एकशे बारापर्यंत तुमची माणसं गर्जतात, खेकसतात, दातओठ खातात. एकशे तेरापासून पुढं सगळी नुसती म्हणतात. चार पुस्तकं झाली टाईप करून, चारींत तसंच. शेवटाला येईपर्यंत तुम्ही दमत होता का?”

मी तिला सांगितलं की शेवट लिहिताना मी कडक मौन पाळत असे, सात-सात दिवस, त्यामुळे पात्रांचाही आवाज बसायचा. ती हसली नाही. मला ते जरा लागलं. ती प्रत आणि बाकीच्या नऊही पिशवीत भरून मी घरी आलो.

खरं सांगायचं तर मी त्या नर्सला मारली होती. नुसती मारली नव्हती, पुढच्या प्रकरणात तिची चिता रचून तिच्या धुरात डॉक्टरला स्वतःचा चेहरा दाखवला होता. तो धूर लिहायला मला चार दिवस लागले होते.

आता तुम्ही म्हणाल, स्वतःच्या पुस्तकाचा शेवट माणसाला माहीत कसा नसेल? त्याला कारण माझं पहिलं पुस्तक. ते छापून आलं तेव्हा सातव्या पानावर नायकाऐवजी खलनायकाने नायिकेचा हात धरलेला मी पाहिला. छापखान्यात अक्षरं जुळवणाऱ्या जुळाऱ्याने नावं उलटीपालटी केली होती. मला तीन दिवस ताप होता. डॉक्टरांनी थर्मामीटर लावला तर पारा वरच्या टोकाला जाऊन तिथेच राहिला, तो थर्मामीटर पुन्हा कोणाच्या कामाला आला नाही. त्या दिवसापासून मी माझं छापील पुस्तक उघडलं नाही. मोजणी खात्यात नोकरी, आज शिराळा तर उद्या जत. सरकारी विश्रामगृहांत बसून लिहायचं, बाड एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचं, सांगलीला माझे प्रकाशक आणि छापखान्याचे मालक अण्णा मगदूम, त्यांचा माणूस ते उतरवून घ्यायचा. दोन महिन्यांनी दहा प्रती यायच्या. त्या मी वाटून टाकायचो. तेरा वर्षांत एकतीस पुस्तकं झाली.

लोक मात्र भेटायचे. ग्रंथपाल, मास्तर, एकदा तर एक फौजदार. म्हणायचे, तगारे, शेवट काय केलायत. कुठला शेवट, काय केलाय, हे मी कधी विचारलं नाही. मी त्यांना कृष्णेतल्या मगरीची गोष्ट सांगायचो. भिलवडीच्या पुलाखाली मी एका खडकावर बसलेलो, खाली मगर, दोघं एकमेकांकडे बघतोय, चार तास. हलायची सोय नाही. मग करायचं काय? मी बसल्या बसल्या शेवट रचला, आणि तो सुचला त्या क्षणी मगर पाण्यात निघून गेली. ही गोष्ट मी निदान दोनशे वेळा सांगितली असेल. चार तासांचे पुढे सहा झाले.

मग वाचनालयं बसली, अण्णा गेले, पुस्तकं रद्दीत गेली आणि लोक मला विसरले. ते मी सहन केलं असतं. पण २०११च्या दिवाळीआधी एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत जुन्या रहस्यकथाकारांवर लेख आला आणि त्यात माझ्या नावामागे ‘कै.’ लावलेलं होतं. मी फोन केला. पलीकडून एका मुलीने विचारलं, आपण कोण बोलताय? मी म्हणालो, कैलासवासी. चार दिवसांनी दुरुस्ती आली, दोन ओळींची, शेळीपालनाच्या जाहिरातीखाली.

त्या दुपारी मी ठरवलं. कुठल्याही प्रकाशकाच्या दारात जायचं नाही. एकतिसातली दहा निवडायची, आपणच छापायची, आपणच विकायची, मुखपृष्ठावर नाव मोठं आणि मागे फोटो, चष्मा काढून. माणूस जिवंत आहे हे दिसलं पाहिजे. अण्णांच्या मुलाने, जयसिंगने, एका फोनवर हक्क सोडल्याचं पत्र पाठवलं. जुन्या प्रती मी तासगावच्या एका बंद पडलेल्या वाचनालयातून मिळवल्या आणि न उघडता नसीमाकडे टाकल्या.

तर त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही. घरात मी एकटाच, जेव म्हणणारं कोणी नव्हतं. दहाही प्रती पसरून मी एकेकीचं एकशे तेरावं पान उघडलं. एकाही पुस्तकात माझा शेवट नव्हता. माझे शेवट लांबलचक असायचे, सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा करून, बोट रोखून. इथे लोक दिवा मालवत होते, चपला शोधत होते, आणि त्यातच कोणीतरी हळूच कबूल करून जात होतं. वाचलं म्हणजे चाळलं मी. राग इतका होता की अक्षरं नीट दिसत नव्हती.

मी जयसिंगला फोन लावला. तो म्हणाला, काका, ते बाई करायच्या की. तुम्हाला माहीत नाही? बाई म्हणजे बिंबा सोवनी, प्रेसमधल्या मुद्रितं तपासणाऱ्या. मिरजेला ब्राह्मणपुरीत असतात अजून.

दुसऱ्या दिवशी मी मिरजेला गेलो. पिठाच्या गिरणीवर दोन खोल्या होत्या. जिना चढताना खाली दळण चालू होतं आणि वर पायऱ्यांना बारीक थरथर जाणवत होती. दार उघडलं ती बाई सत्तरीची, उंच, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, चष्म्याची दोरी गळ्यात. मी नाव सांगायच्या आत म्हणाल्या, “तगारे. या. फोटोत जाड दिसायचात.”

जाताना मी बसमध्ये चार वाक्यं तयार केली होती, चारही कडक. पण त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः पलंगाच्या कडेला बसल्या आणि मी काही बोलायच्या आत विचारलं, पुस्तकं पुन्हा काढताय म्हणे, जयसिंग सांगत होता, मग शेवट कुठले ठेवणार?

मी म्हणालो, त्याबद्दलच आलोय.

मग त्या सांगत बसल्या. घाई नाही, आवाज चढा नाही, एखाद्या पाककृतीसारखं. अण्णांकडे खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, कमी. एका वेळी सोळा पानांचा एक फर्मा जुळवायचा, छापायचा, खिळे सोडवायचे, त्यांतूनच पुढचा. पुस्तक आठ फर्म्यांचं, एकशे अठ्ठावीस पानांचं, त्यावर एक पान नाही. वाचनालयवाल्यांना तेवढंच लागायचं आणि कागदही तेवढाच मिळायचा. माझं बाड मात्र हवं तेवढं लांबलेलं. सात फर्मे छापून, खिळे सोडवून झाले की कळायचं, उरलीत सोळा पानं आणि तगाऱ्यांची अजून साठ पानं शिल्लक आहेत. मागे जाऊन कापायचं म्हटलं तरी मागचं छापून बसलेलं. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी जतला होतो, तिथे तेव्हा तार पोचायलाही दोन दिवस लागायचे. अण्णा म्हणाले, बाई, तुम्ही रोज वाचता ना, मग लिहा सोळा पानं. त्यांनी रात्रीत लिहिली. पुढच्या वेळी अण्णांनी विचारलंही नाही.

“मी अण्णांना म्हटलं होतं, लेखकाला विचारा,” बाई म्हणाल्या. “ते म्हणाले, विचारलंय. तगाऱ्यांना पसंत आहे, पण अभिमानी माणूस आहे, विषय काढू नका.”

अण्णांनी मला कधी काही विचारलं नव्हतं.

“तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत,” त्या पुढे म्हणाल्या. “पण एकही शेवट परत मागितला नाहीत. आणि मग उत्तरं यायला लागली.”

“उत्तरं?”

त्या जरा लाजल्या. सत्तरीच्या बाईला लाजताना पाहणं अवघड असतं, आपण कुठे बघावं ते कळत नाही. ‘काळा घाट’मध्ये त्यांनी नर्सला जिवंत सोडली. त्यानंतरच्या माझ्या बाडात पहिल्याच पानावर एक नर्स होती, करारी, कोणाला न भिणारी. त्यांना वाटलं, ही पोच आहे. मग एका पुस्तकात त्यांनी म्हाताऱ्या हमालाला शेवटचं वाक्य दिलं, तर पुढच्यात मी हमालालाच साक्षीदार केलं. मग त्या मुद्दाम काहीतरी सोडायला लागल्या, एखादी उघडी खिडकी, एखादी न वाचलेली चिठ्ठी, आणि वाट बघायच्या, पुढचं बाड कंडक्टरच्या हातून येतंय कधी.

“अकरा वेळा उत्तर आलं,” त्या म्हणाल्या. “मी मोजलंय. बाकी वेळा तुम्ही कामात असाल.”

त्या नर्सचं कारण मला पक्कं आठवत होतं. त्या साली मी मूळव्याधीच्या ऑपरेशनसाठी मिरजेतच एका दवाखान्यात आठ दिवस पालथा पडून होतो आणि एक नर्स मला रोज झापायची. हमाल होता तो इस्लामपूरच्या स्टँडवरचा, माझी पेटी उचलायचा.

गिरणी थांबली. एकदम शांत झालं. बाईंनी उठून चहा टाकला, आणि माझ्याकडे पाठ असतानाच बोलल्या.

“एक मागायचं होतं. मुखपृष्ठावर नको. आत, जिथं मुद्रकाचं नाव असतं ना, तिथं, बारीक टाईपात. शेवट, बिंबा सोवनी. तुम्हाला चालेल असं वाटलं, म्हणून बोलले. आणि हे सांगा, कुठला आवडला होता सगळ्यात? चाळीस वर्षं विचारायचं राहिलंय.”

आता माझं आयुष्य बघा. मी भिलवडीच्या मगरीला सहा तास बसवून ठेवलेला माणूस. थर्मामीटर बाद केलेला. जतच्या दुष्काळात विहिरीत घुबडांची शाळा भरताना पाहिलेला. एक थाप मारायची होती फक्त. ‘काळा घाट’ म्हणालो असतो तरी पुरलं असतं. नर्स खिडक्या लावते ते, बाई, काय लिहिलंयत. कालच नसीमाने सांगितलेलं, ताजं होतं. पण तसं म्हटलं की नाव आलं. आत आलं, बारीक आलं, तरी आलं. आणि वाचणारा कुठे थांबतो? तो विचारणार, शेवट बाईंचे, मग तगाऱ्यांचं काय? दहाच्या दहा मुखपृष्ठं छापायला गेली होती. मागे फोटो होता, चष्मा काढलेला.

“बाई,” मी म्हणालो, “मी ती पुस्तकं कधी उघडलीच नाहीत. माझं छापील पुस्तक मी वाचत नाही. परवापर्यंत मला माहीतही नव्हतं.”

त्या वळल्या नाहीत. चहा उतू येईपर्यंत पातेल्याकडे बघत राहिल्या, मग चिमट्याने उतरवलं.

“एकही?”

“एकही नाही.”

“आणि ती नर्स?”

मी त्यांना मूळव्याधीचं सांगितलं. सगळं सांगितलं, पालथं झोपण्यासकट. इतकं तपशीलवार खरं मी त्याआधी कोणाशी बोललो नव्हतो.

त्यांनी चहा गाळला, कप माझ्या हातात दिला, आणि पलंगावर बसून पदराने चष्मा पुसला. खूप वेळ पुसला. मग म्हणाल्या, “मग नाव नको. न वाचणाऱ्याकडून नाव घेऊन काय करायचंय मला. छापा तुम्ही. तुमचं पुस्तक आहे.”

मी चहा संपवला. साखर बेताची होती, चांगला होता. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली आणि मी आष्ट्यापर्यंत शीळ घातली.

त्यानंतर मी एक शहाणपणा केला. म्हटलं, बाईंचे शेवट नकोतच, आपले घालू. माझी बाडं कधीच वाळवीने खाल्ली होती, म्हणून नव्याने लिहायला बसलो. पंधरा दिवस दिवाणखान्यात लोक गोळा केले, बोटं रोखली, धूर काढला. नसीमाने पहिले दोन टाईप केले आणि तिसऱ्याला हात थांबवून म्हणाली, सर, रागवू नका, पण आधीचेच राहू देत. मी जरा वेळ रस्त्यावरच्या म्हशी बघितल्या आणि म्हणालो, बरं, माझे आधीचेच ठेव. “तुमचे,” ती म्हणाली, आणि स्क्रीनकडे वळली. त्यानंतर तिने मला पुस्तकांबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. बिलं चोख, वेळा चोख, चहाला मात्र पूर्वीसारखी बसा म्हणाली नाही.

पुस्तकं निघाली. प्रकाशन गावातल्या वाचनालयाच्या सभागृहात झालं, सत्तर-ऐंशी माणसं, त्यातली निम्मी मला मेलेला समजून बसलेली, त्यामुळे टाळ्या भरपूर. अध्यक्ष म्हणून आलेल्या निवृत्त प्राचार्यांनी भाषणाऐवजी ‘काळा घाट’ची शेवटची तीन पानं वाचून दाखवली. सभागृहात पंख्याचा आवाज ऐकू येत होता. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी नाकाला रुमाल लावला. प्राचार्यांनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, तगारे, हे सुचलं कसं?

मी उठलो आणि मगरीची गोष्ट सांगितली. आठ तास केले.

पत्रं आली, फोन आले. सगळ्यांना शेवटांबद्दलच बोलायचं होतं. कोणी पुण्याहून, कोणी हुबळीहून, आणि कोणी असं काही विचारायचं की त्याचं उत्तर देण्यासाठी मला ते पान उघडावं लागायचं. असं करत करत मी वाचायला लागलो. पहिल्या पानापासून नव्हे, एकशे तेरापासून. दुपारी, दार लावून. माझ्या मागच्या एकशे बारा पानांत ज्याला मी दोन ओळींत खलास केलं होतं, त्याची बायको इथे त्याच्या सदऱ्याचं बटण शिवत होती. हमाल कोर्टात शेवटी फक्त एवढंच विचारत होता, आता मी जाऊ का. उघड्या खिडक्या, न वाचलेल्या चिठ्ठ्या, सगळ्या सापडल्या. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी जरा थांबून माझ्याकडे बघत होतं.

दहा संपली तेव्हा मी उरलेली एकवीस शोधायला निघालो. कऱ्हाड, विटा, निपाणी, रद्दीवाल्यांची गोदामं. सतरा मिळाली. तीही वाचली.

दीड वर्षाने मी पुन्हा त्या गिरणीवरचा जिना चढलो, नव्या दहांचा संच पिशवीत घेऊन. बाई वाळल्या होत्या, पण अंबाडा तसाच घट्ट. त्यांनी वरचं पुस्तक घेतलं, दोन्ही हातांनी धरून डोळ्यांजवळ नेलं, कागद कसा आहे ते बोटाने पाहिलं, समास पाहिले, आणि बांधणी बरी आहे म्हणाल्या. आतलं मुद्रकाचं पान उघडलं. तिथे नसीमाचं नाव होतं, अक्षरजुळणीसाठी. ते वाचून पान उलटलं.

“बाई,” मी म्हणालो, “पुढच्या आवृत्तीत तुमचं नाव घालतो. मुखपृष्ठावर, माझ्याबरोबर. त्याच टाईपात.”

त्यांनी आणखी एक पान उलटलं.

“मी वाचलीत. सत्तावीस शेवट वाचलेत. सगळ्यात चांगला मला त्या हमालाचा वाटतो, आता मी जाऊ का म्हणतो तो. तो वाचून मी उठून पाणी प्यायलो. त्या नर्सचाही चांगला आहे, पण हमालाचा… बाई, मला तसं एक वाक्य जन्मात लिहिता आलं नसतं.”

माझा आवाज फुटला. तो मी फोडला नव्हता. तुमच्या गळ्याची शपथ, नव्हता फोडला.

बाईंनी पुस्तक मिटून बाकीच्या नवांवर ठेवलं, कडा एकसारख्या केल्या, गठ्ठा माझ्याकडे सरकवला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, जसं लहान मुलाकडे बघतात.

“छान सांगता तुम्ही, तगारे,” त्या म्हणाल्या. “अगदी खरं वाटतं.”